कासेंतील दगडी

दुधाची कथा सांगतांना गाय, गवळी व गिऱ्हाईक या तिघांचाच उल्लेख करण्याची चाल आहे. परंतु या व्यवहारांत एक चौथा भागीदार फार प्राचीन काळापासून सामील आहे, आणि त्याची ओळख पटण्यास एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. हा चौथा म्हणजे गाईच्या कासेंत शिरणारा सूक्ष्म जंतु. त्यानें उत्पन्न केलेल्या विकारास शास्त्रीय परिभाषेंत कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. महाराष्ट्रांतील गोठ्यांत त्याचें नांव आहे दगडी. कास तापते, सुजते आणि दगडासारखी कठीण होते, म्हणून दगडी. हें नांव ज्यानें ठेविलें त्यानें तें हातानें चांचपून ठेविलेलें आहे, पुस्तकांत पाहून नव्हे.

या रोगाचें शास्त्र फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका या देशांतील प्रयोगशाळांत घडलें हें खरें. तथापि तो रोग समाजाच्या पुढें प्रश्न म्हणून केव्हां व कां उभा राहतो, हें पाहावयाचें असेल तर पालघर जिल्ह्यांतील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल. मुंबईपासून सुमारें सव्वाशें किलोमीटर उत्तरेस, एका बाजूस समुद्र व चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या उतरंडीवरील साग व गवत, आणि डोक्यावर गुजराथची सीमा असा हा मुलूख. तलासरीचीं गांवें पूर्वीं उंबरगांव तालुक्यांत होतीं. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजराथ हीं राज्यें निराळीं झालीं, तेव्हां उंबरगांव गुजराथेंत गेलें आणि इकडे राहिलेल्या गांवांचा तलासरी हा विभाग झाला. पालघर हा स्वतंत्र जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. या मुलखांतून मुंबईच्या दुधासाठीं आधीं गवत गेलें, मागाहून जमीन गेली, त्यानंतर गाय आली, आणि गाईच्या पाठोपाठ कासेच्या रोगाचा प्रश्न आला. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

वारली, कोकणा, धोडी, दुबळा आदिकरून आदिवासींच्या या प्रदेशांत गुरें नव्हतीं असें मुळींच नाहीं. परंतु तीं होतीं नांगरासाठीं व शेणखतासाठीं. पूर्वेकडील डोंगरांत डांगी जातीचीं जनावरें आढळतात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडीवर तेलकट चकाकी आणि टणक काळे खूर हीं त्यांचीं लक्षणें. धो धो पावसांत चिखलांतून औत ओढावें तें डांगी बैलानेंच. किनाऱ्यालगतच्या पट्टींत लहान चणीची गांवठी गाय असे. कोंकणांतील अशा गाईस अलीकडे, २०१८ मध्यें, कोंकण कपिला या नांवानें स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. या दोन्ही गाई दुधास बेताच्या. वासराचें पोट भरून उरेल तें शेर-अर्धा शेर दूध धन्याचें. कास आटोपशीर, सड आंखूड, आणि दिवसांतून अनेक वेळां ढुसण्या देऊन कास रिती करणारें वासरूं सदैव जवळ. अशा कासेंत दूध तुंबून राहण्याचा प्रसंग थोडा. रोग अजिबात नव्हता असें म्हणणें धाडसाचें होईल. पण एखाद्या गाईचा एखादा सड ‘गेला’ तर त्याचें दुःख वासरास होई, बाजारास त्याचा पत्ताही नसे.

जुन्या भारतीय वाङ्मयांत गोवैद्यकाचा विचार नाहीं असें नव्हे. अग्निपुराणांत गवायुर्वेदास एक प्रकरण दिलेलें आहे. परंतु या विषयाच्या दृष्टीनें अधिक मनोरंजक आहे तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील गोऽध्यक्षाचा अध्याय. पावसाळा, शरद व हेमंताचा आरंभ या काळांत गाय दोन वेळां दोहावी आणि पुढील ऋतूंत एकच वेळ, असा तेथें दंडक आहे. आणि जो या पुढील ऋतूंत दुसऱ्यांदां दूध काढील त्याचा अंगठा तोडावा अशी शिक्षा सांगितली आहे. शिक्षा क्रूर खरीच. परंतु तिच्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं, कासेचें बरेंवाईट शेवटीं दोहणाराच्या अंगठ्यावर अवलंबून असतें. योगायोग असा कीं, अंगठा दुमडून त्याच्या हाडावर सड दाबून दूध ओढण्याची जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, तिनें सडाच्या आंतील नाजूक अस्तरास इजा होते व दगडीस वाट मिळते, असें आजचे पशुवैद्यही सांगतात. चार बोटें व तळवा यांच्यामध्यें सड धरून सारख्या दाबानें, मुठीनें दूध काढावें असा त्यांचा उपदेश आहे. कौटिल्याच्या मनांत हें नव्हतें. पण अंगठ्यावरील त्याचा राग अगदींच अस्थानीं नव्हता.

इंग्रजी अमदानींत पशुवैद्यकाची व्यवस्थित सुरुवात झाली ती मुंबई इलाख्यांतच. १८८६ मध्यें परळ येथें मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें. १८८९ मध्यें पुण्यास साम्राज्य सरकारची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच चार वर्षांनीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. या संस्थांचें लक्ष मुख्यतः बुळकांडीकडे होतें, आणि तें योग्यच होतें. बुळकांडी आली म्हणजे गांवचीं गुरें आठवड्यांत आडवीं होत, नांगर थांबत, व दुष्काळाची चाहूल लागे. दगडीनें गाय सहसा मरत नाहीं. तिचा एक सड आटतो, फार तर दोन. जो रोग मारतो त्याची सरकारदरबारीं नोंद होते. जो नुसता झिजवितो त्याची होत नाहीं. जनावरांच्या बाबतींतच काय, माणसांच्या बाबतींतही हा न्याय चालत आलेला आहे.

या काळांत डहाणू-तलासरीचा दुधाशीं संबंध होता तो गवताच्या द्वारें. मुंबई शहर वाढलें तसे त्यांतील म्हशींचे तबेलेही वाढले. परमुलखांतून व्यालेल्या म्हशी आणाव्या, दूध असेतों पिळाव्या, आणि भाकड झाल्या कीं कसायास द्याव्या, असा तेथील निष्ठुर हिशेब. या हजारों जनावरांना चारा लागे, व त्यांतील मोठा भाग ठाणें जिल्ह्याच्या डोंगरउतारांवरून जाई. पावसाळा सरला कीं वारली मजूर जमीनदाराच्या व व्यापाऱ्याच्या रानांत गवत कापीत, वखारींत त्याचे गठ्ठे बांधले जात, आणि आगगाडीनें तें मुंबईकडे रवाना होई. कापणाऱ्याच्या पदरांत पडे ती मजुरी नांवापुरती. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्यांतील एक प्रमुख मागणी या गवताचीच होती: पांचशें पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये. त्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसें मेलीं. गोदावरीबाईंनीं हा सर्व वृत्तांत ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या आपल्या पुस्तकांत पुढें लिहून ठेविला आहे. मुंबईच्या घरांत सकाळीं येणाऱ्या दुधाच्या किंमतींत या गवताची मजुरी किती स्वस्त मोजलेली होती, हें त्या दुधाच्या गिऱ्हाइकास कळण्याचें कांहीं कारण नव्हतें.

त्याच सुमारास, परंतु फार दूर, कासेच्या रोगाचें रहस्य उलगडून गेलेलें होतें. फ्रान्समधील पशुवैद्य एडमंड नोकार व त्याचा सहकारी मोलेरो यांनीं १८८७ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. दुभत्या गाईंत पसरणारा एक सांथीचा कासदाह त्यांनीं बारकाईनें तपासला होता. रोगी सडांतील दूध सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच त्यांना माळेंतील मण्यांसारखे एकापुढें एक जोडलेले वाटोळे जंतु दिसले. हे जंतु त्यांनीं प्रयोगशाळेंत वाढविले, निरोगी जनावराच्या सडांत सोडले, आणि तेथें तोच रोग उत्पन्न करून दाखविला. पाश्चर व कॉख यांनीं घालून दिलेल्या वाटेनेंच हें सर्व झालें, म्हणून त्यांत नवल मानूं नये. नवल आहे तें पुढील शोधांत. हा जंतु हवेंतून उडून जात नाहीं, चाऱ्यांतून पोटांत जात नाहीं. तो एका गाईच्या कासेंतून दुसरीच्या कासेंत जातो तो दूध काढणाऱ्याच्या ओल्या हातावरून! रोगी गाय पिळून झाल्यावर हात न धुतां जो माणूस शेजारच्या गाईखालीं बसतो, तो आपल्या बोटांनीं रोगाचें बीं पेरीत जातो. या जंतूस मिळालेल्या लॅटिन नांवाचा अर्थच मुळीं ‘दूध नाहींसें करणारा’ असा आहे. पुढें १९३३ मध्यें अमेरिकेंतील रेबेका लान्सफील्ड या विदुषीनें माळाकार जंतूंचे गट पाडले, त्यांत कासेचा हा जंतु निराळ्या गटांत बसला. आणि १९४४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील तिघां संशोधकांनीं तो ओळखण्याची एक सोपी कसोटी काढली, जी त्यांच्या नांवांच्या आद्याक्षरांनीं आजही ओळखली जाते.

म्हणजे हात धुवावे, रोगट गाय सर्वांच्या शेवटीं पिळावी, हें ज्ञान १८८७ पासून उपलब्ध होतें. तें गोठ्यापर्यंत पोंचण्यास किती काळ लागला हा या इतिहासांतील सर्वांत खेदाचा भाग होय. युरोपांतही कित्येक दशकें तें पुस्तकांतच राहिलें. मग इकडची गोष्ट काय सांगावी?

आतां पुन्हां मुंबईच्या वाटेवर यावें. १९४५ सालीं मुंबई सरकारनें दुधाची योजना हातीं घेतली व आणंदचें दूध आगगाडीनें मुंबईस येऊं लागलें. हा लोहमार्ग डहाणूरोड स्टेशनावरून जातो. म्हणजे गवताच्या वाघिणी ज्या रुळांवरून दक्षिणेस जात, त्याच रुळांवरून आतां दूधही जाऊं लागलें. दारा खुरोडी यांच्या कर्तृत्वानें १९४९ मध्यें गोरेगांवजवळ आरे येथें दुग्धवसाहत उभी राहिली, आणि शहरांतील हजारों म्हशी तेथें हलविल्या गेल्या. परंतु शहर थांबावयास तयार नव्हतें. तेव्हां महाराष्ट्र सरकारची दृष्टि आणखी उत्तरेकडे वळली, व साठाच्या दशकांत डहाणू-तलासरीच्या हद्दीवर दापचरी येथें मोठा दुग्धप्रकल्प योजण्यांत आला. त्याकरितां हजारों एकर जमीन संपादन झाली, कुर्झे येथें धरण बांधून पाण्याची सोय झाली, हिरव्या चाऱ्याचीं शेतें, गोठे, दूध थंड करण्याचीं यंत्रें अशी सर्व सिद्धता झाली. ज्या डोंगरांतून गवत कापून मुंबईस न्यावें लागे, तेथें गाईच नेऊन ठेवाव्या, ही कल्पना कागदावर अत्यंत सुसंगत होती. मात्र जमीन ज्यांची गेली त्यांत आदिवासी कुटुंबें होतीं, आणि त्यांच्या दृष्टीनें या सुसंगतपणाचा अर्थ निराळा होता. प्रकल्प कांहीं वर्षें बरा चालला, पुढें त्यास उतरती कळा लागली, व आज तेथील पुष्कळसे गोठे रिकामे व पडके आहेत. मुंबईच्या तबेल्यांना बाहेर घालविण्याचा प्रश्न एकविसाव्या शतकांत पुन्हां निघाला, तेव्हां दापचरीचें नांव पुन्हां पुढें आलें. परंतु तबेलेवाल्यांस एवढ्या लांब जाणें मान्य नव्हतें.

दापचरीच्या निमित्तानें या मुलखांत आली ती संकरित गाय. जर्सी किंवा होल्स्टीन वळूपासून देशी गाईला झालेली ही संतति. महाराष्ट्रांत तिचा प्रसार करण्यांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ मध्यें उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेचा वांटा मोठा आहे. जेथें गांवठी गाय शेरभर दूध देई, तेथें ही गाय दहा-पंधरा लिटर देऊं लागली. परंतु निसर्ग कोणतीच देणगी फुकट देत नाहीं. एक लिटर दूध बनण्यास कासेंतून सुमारें चारशें ते पांचशें लिटर रक्त वाहून जावें लागतें. यावरून या अवयवावर केवढा भार पडत असेल याची कल्पना येईल. कासेचे चार भाग असतात, प्रत्येकाचा सड स्वतंत्र, व एका भागांतील दूध दुसऱ्यांत जात नाहीं. सडाच्या टोकाशीं एक अरुंद नळी असते. ती बंद ठेवणारा स्नायु आणि आंतील मेणचट अस्तर हाच काय तो कासेचा दरवाजा. म्हशीच्या सडाचा हा स्नायु अधिक घट्ट असतो, म्हणून तिला दगडी त्या मानानें कमी. जास्त दूध देणाऱ्या गाईचा दरवाजा सैल, कास लोंबती, सड जमिनीच्या जवळ. आणि धार काढून झाल्यावर ही नळी पूर्ण मिटण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो. नेमक्या त्याच वेळीं दमलेली गाय ओल्या शेणांत बसली कीं शत्रूस दरवाजा उघडा सांपडतो.

दगडीचें उघड रूप कोणालाही ओळखतां येतें. सड लाल होतो, हात लावतां गाय लाथ मारते, दुधांत गाठी, पू किंवा रक्त दिसतें. परंतु या रोगाची खरी हानि उघड्या रूपांत नाहीं. एका दिसणाऱ्या दगडीमागें न दिसणाऱ्या कित्येक असतात. कास मऊ, गाय धडधाकट, दूध पांढरें शुभ्र. आणि तरीही आंत लढाई चाललेली असते. जंतूंशीं झुंजण्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी कासेंत धांव घेतात. निरोगी दुधांत त्या एका मिलिलिटरमध्यें लाखाच्या आंत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या कीं संशय घ्यावा. अशा दुधांतील साखर व केसीन कमी होतें, मीठ वाढतें, चव किंचित् खारट लागते, आणि तापवितांना तें नासण्याची भीति असते. शहरांतील गृहिणी अशा वेळीं गवळ्यानें पाणी घातलें असें म्हणून मोकळी होते. गवळी पाणी घालीत नाहीं असें कोण म्हणेल? पण प्रत्येक पातळ दुधाचें पाप त्याच्याच माथीं मारणें न्यायाचें नव्हे. कांहीं वेळां तें पाप कासेंतील जंतूचें असतें. दूध उकळल्यानें जंतु मरतात ही आपल्याकडील चाल फार शहाणपणाची आहे. तथापि द्राक्षांच्या घोंसासारखा दिसणारा कासेंतला दुसरा एक जंतु जें विष सोडतो, तें उकळूनही नाहींसें होत नाहीं. त्यामुळें रोगट गाईचें दूध तापवून चालवून घ्यावें हा युक्तिवाद टिकत नाहीं.

हा छुपा रोग शोधण्याची युक्ति १९५७ मध्यें कॅलिफोर्नियांतील शाम व नूरलँडर या दोघांनीं सर्वांच्या आटोक्यांत आणली. चार खळग्यांची एक पांढरी थाळी, प्रत्येक खळग्यांत एकेका सडाचें थोडें दूध, आणि तितकेंच साबणासारख्या द्रव्याचें पाणी. थाळी गोल फिरवितांच निरोगी दूध तसेंच पातळ राहतें. रोगट दूध मात्र शेंबडासारखें दाट होतें, कारण साबणानें पेशी फुटून त्यांच्या आंतील द्रव्याचा चिकट गोळा होतो. पुढें असें आढळून आलें कीं, धुण्याच्या साध्या पावडरीचें तीन टक्क्यांचें द्रावणही हें काम बऱ्यापैकीं करतें. ज्याला तेंही नको त्यानें धार काढण्यापूर्वीं प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या काळ्या फडक्यावर घ्याव्या. गाठी असल्या तर चटकन दिसतात, आणि सर्वांत अधिक जंतु ज्या दुधांत असतात तें दूध कासंडींत जाण्याचेंही टळतें.

औषधांची कथा आशेची आहे आणि निराशेचीही. १९३९ मध्यें रेने ड्युबो यानें मातींतील जंतूपासून ग्रॅमिसिडिन हें द्रव्य वेगळें केलें. माणसाच्या रक्तांत तें घालणें धोक्याचें ठरलें, पण गाईच्या कासेवर त्याचे प्रयोग झाले. त्यानंतर पेनिसिलीन आलें. दुसरें महायुद्ध संपतें न संपतें तोंच सडाच्या नळींतून पेनिसिलीन आंत सोडण्याची पद्धत सुरू झाली, आणि नोकारनें पाहिलेला तो माळाकार जंतु तिच्यापुढें अक्षरशः वितळून गेला. तो कासेबाहेर फारसा जगत नसल्यामुळें कित्येक खिल्लारांतून त्याचें समूळ उच्चाटन झालें. १९५४ मध्यें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन भारतांतही पेनिसिलीन तयार होऊं लागलें. दगडीचा अंत जवळ आला असें पुष्कळांस वाटलें. परंतु झालें भलतेंच. माळाकार जंतूची जागा घोंसाकार जंतूनें घेतली. हा कासेच्या आंत खोल फोड करून दडून बसतो, तेथें औषध पोंचत नाहीं. शिवाय पेनिसिलीन निकामी करण्याची कला त्यानें थोड्याच वर्षांत हस्तगत केली. आणखी एक उपद्रव असा कीं, औषध दिलेल्या गाईचें दूध ठरविलेले दिवस फेंकून न देतां विकलें, तर औषधाचा अंश घरोघर पोंचतो. त्या दुधाला विरजण नीट लागत नाहीं हें त्याचें साधें लक्षण, आणि माणसाच्या रोगांवर तींच औषधें पुढें न चालणें हें त्याचें भयंकर फळ.

या कोंड्यांतून वाट काढली ती इंग्लंडांत रेडिंगजवळील शिनफील्ड येथील दुग्धसंशोधन संस्थेंतील डॉड, नीव्ह व किंगविल यांनीं, १९६० च्या दशकांत. त्यांनीं नवें औषध शोधलें नाहीं. त्यांनीं एक साधा हिशेब मांडला. खिल्लारांत किती कासा रोगट राहतील हें दोन गोष्टींवर ठरतें: नवा रोग किती वेगानें लागतो, आणि लागलेला किती काळ टिकतो. औषधानें दुसरी गोष्ट थोडी आवरते. पहिली आवरल्याखेरीज मात्र सगळें व्यर्थ. म्हणून त्यांनीं सांगितलें कीं, प्रत्येक वेळीं धार काढून होतांच चारही सड जंतुनाशक द्रावणांत बुडवावे. या एका संवयीनें नवे रोग जवळजवळ निम्म्यावर येतात असें त्यांनीं शेकडों गाईंवर दाखवून दिलें. जोडीस दुसरें असें कीं, गाय आटविली म्हणजे शेवटच्या धारेनंतर प्रत्येक सडांत दीर्घकाळ टिकणारें औषध भरावें, कारण भाकड काळांत औषध दुधाबरोबर वाहून जात नाहीं व मुरलेला रोग उपटून निघतो. उघड दगडीवर ताबडतोब उपचार, वारंवार रोगट होणारी गाय खिल्लारांतून काढणें, आणि दूध काढण्याचीं यंत्रें नीट ठेवणें हे बाकीचे नियम. यांपैकीं सरसकट सर्व सडांत औषध भरण्याचा नियम अलीकडे ढिला करण्यांत येत आहे. तपासणींत रोगट निघालेल्या गाईसच तें द्यावें असा औषधांच्या अतिवापराच्या भयानें आतां विचार रूढ होत आहे. सड बुडविण्याच्या नियमाला मात्र कोणी हात लावलेला नाहीं. आयोडीनच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची एक वाटी, एवढाच त्याचा खर्च.

शिनफील्डचा हिशेब डहाणू-तलासरीस जसाच्या तसा लागू करतां येत नाहीं, याचें कारण पाऊस. जून ते सप्टेंबर येथें आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, गोठ्याची जमीन सुकत नाहीं, आणि भाताच्या पेंढ्याचें अंथरूण कुजून जातें. हातावरून पसरणारे जंतु आवरले तरी शेण, चिखल व मूत्र यांत वाढणारे जंतु शिल्लक राहतात. यांचा दाह अतिशय जलद असतो, आणि क्वचित् एका रात्रींत दुधाचें पाणी होऊन गाय दगावतेही. येथें वाटींतल्या आयोडीनपेक्षां फावडें व उताराची फरशी यांचें मोल अधिक. गोठा उंचावर असावा, मूत वाहून जाण्यास नाली असावी, गाय बसते ती जागा तरी कोरडी असावी. एक-दोन गाई असलेल्या शेतकऱ्यास हें जमतें. शेंकडों गाई एका छपराखालीं कोंडणाऱ्या प्रकल्पास तें पावसाळ्यांत फार जड जातें. कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयानें चालणारें कृषिविज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यास त्याच्याच बांधावर व गोठ्यांत शिकवावें हा अशा केंद्रांचा हेतु. दगडीसारख्या रोगाचें शिक्षण असेंच दिलें पाहिजे, कारण तो व्याख्यानानें कळतो पण हातानेंच टळतो.

गांवठी औषधांकडे शास्त्रज्ञांची दृष्टि अलीकडे थोडी मऊ झाली आहे. सुजलेल्या कासेवर हळदीचा लेप देण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें आतां असाच एक लेप शेतकऱ्यांत प्रचारांत आणला आहे: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, पाण्यांत सैल करून, कास धुवून दिवसांतून अनेक वेळां लावावयाचा. रोगाच्या आरंभीं त्यानें गुण येतो व महाग औषधें वांचतात असा अनुभव सांगतात. गाय दृष्टीनें आटली असें समजून भगताकडे धांवण्यांत जे दोन दिवस जातात, ते मात्र अशा लेपानेंही भरून येत नाहींत. कासेचा जो भाग एकदां कठीण होऊन बसला तो त्या वेतांत तरी पूर्ववत् दूध देत नाहीं.

राहतां राहिला तो अर्ध्या तासाचा उघडा दरवाजा. त्यावर पशुवैद्यांनीं काढलेला उपाय असा आहे कीं, धार काढून, सड बुडवून झाले म्हणजे गाईपुढें ताजें गवत टाकावें. ती उभी राहून खाते, तेवढ्यांत सडाचीं तोंडें मिटतात. दापचरीच्या आसपास ज्यांनीं आतां स्वतःच्या दारीं एक-दोन गाई बांधल्या आहेत, त्यांना हें गवत विकत आणावें लागत नाहीं. पावसाळा सरला कीं तें डोंगरावर कमरेइतकें उभें असतें, आणि तें कापून आपल्याच गोठ्यांत आणावयाचें असल्यामुळें पांचशें पौंडांचा भाव कोणाशीं ठरवावा लागत नाहीं.